इथले वीस क्रेडिट, तिथले तीस क्रेडिट

एक सत्र युरोपात शिकायला जायचं नक्की झालं की बीएस्सीच्या मुलामुलींच्या हातात लर्निंग ॲग्रीमेंटचा फॉर्म पडतो. त्यात दोन तक्ते असतात. ‘ए’ तक्त्यात तिकडच्या विद्यापीठात कोणते कोर्स घेणार ते लिहायचं, ‘बी’ तक्त्यात त्यांच्या बदल्यात आपल्याकडचे कोणते धरले जाणार ते. खाली तिघांच्या सह्या: विद्यार्थ्याची, इथल्या संस्थेची आणि तिथल्या संस्थेची. दोन्ही तक्त्यांत क्रेडिटचा रकाना असतो आणि तो भरताना चूक होतेच. इथे सेमला वीस क्रेडिट करायची सवय, म्हणून तिथेही वीसच निवडले जातात. मग परत आल्यावर एचओडींच्या टेबलापाशी कळतं, की आपण पुरतं सत्र केलेलंच नाही.

तिकडच्या पद्धतीला ईसीटीएस, म्हणजे युरोपीय क्रेडिट हस्तांतरण पद्धत, म्हणतात. १९८९ साली ती इरॅस्मस या युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेत प्रायोगिक म्हणून सुरू झाली. तिची मांडणी सरळ आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्याचं एक शैक्षणिक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, एक सत्र म्हणजे ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम गृहीत असतं, आणि त्या कामात सगळं येतं: लेक्चर, लॅब, लॅबचा रिपोर्ट, लायब्ररीत बसून केलेलं वाचन, परीक्षेची तयारी, परीक्षासुद्धा.

आपल्याकडचं क्रेडिट घड्याळाला बांधलेलं आहे. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, पंधरा आठवड्यांत १५ तास. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, सत्रात ३० तास. चार क्रेडिटचा कोर्स, त्यात तीन थिअरीचे आणि एक प्रॅक्टिकलचा, असा धरला तर वर्गात आणि लॅबमध्ये मिळून ७५ तास होतात. असे पाच कोर्स झाले की वीस क्रेडिटचं सेम भरलं. जर्नल पूर्ण करायला रात्री जागलात, व्हायवासाठी आठवडाभर घोकलंत, ते वेळापत्रकात कुठेच दिसत नाही.

म्हापशाच्या बाजारात बांगडे वाट्यावर मिळतात आणि इसवण किलोवर. दोन्हीला पैसेच मोजायचे असले तरी एक वाटा म्हणजे एक किलो असं कुणी धरत नाही. ईसीटीएस हा वाटा आहे, वर्षाच्या कामाचा साठावा. आपला क्रेडिट हे माप आहे, वर्गातल्या तासांचं.

मग एकातून दुसऱ्यात जायचं कसं? इथे मी एक उदाहरण पुरतं सोडवून दाखवतो, कारण नुसता नियम सांगितला की मुलं मान डोलावतात आणि फॉर्म भरताना पुन्हा अडखळतात.

समजा स्वीडनमधल्या एखाद्या विद्यापीठाच्या यादीत सागरी परिसंस्थेचा ७.५ क्रेडिटचा कोर्स दिसला. खाली तपशील असा: लेक्चर २४ तास, सेमिनार ८, लॅब आणि फील्ड मिळून ४०, स्वाध्याय १२८, एकूण २०० तास. आता हा ‘बी’ तक्त्यात किती क्रेडिटचा धरायचा?

पहिली रीत वर्गातल्या तासांची. लेक्चर आणि सेमिनारचे मिळून ३२ तास, भागिले १५, म्हणजे दोनपेक्षा थोडे जास्त. लॅबचे ४० भागिले ३०, म्हणजे एक आणि एक तृतीयांश. बेरीज साडेतीनच्या आसपास. दुसरी रीत एकूण कामाच्या तासांची. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे ३० तासांचं एकूण शिक्षण धरलं आहे; २०० भागिले ३० केलं की जवळजवळ पावणेसात येतात. तिसरी रीत वाट्याची. तिथे सत्र ३० चं, इथे २० चं, म्हणून दीडने भागायचं: ७.५ भागिले दीड, बरोबर पाच.

एकाच कोर्सची तीन उत्तरं आली, साडेतीन, पाच आणि पावणेसात. भागाकार तिन्ही ठिकाणी बरोबर आहे, पण न्याय्य उत्तर माझ्या मते तिसऱ्या रीतीचं, म्हणजे पाच. पहिल्या रीतीत १२८ तासांचा स्वाध्याय केरात जातो, आणि तिकडचं शिक्षण तर त्यावरच उभं आहे. दुसऱ्या रीतीने तिथे पूर्ण सत्र करून आलेल्याला इथले पंचवीस-तीस क्रेडिट द्यावे लागतील, म्हणजे एका सत्रात सव्वा ते दीड सत्राचं काम झालं असं मानावं लागेल. वाट्याच्या रीतीत सत्राच्या बदल्यात सत्र मिळतं. पडताळा पदवीवरून घेता येतो. आपली तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची, त्यांची तीन वर्षांची १८० ची. चार वर्षांची इथे १६०, तिथे २४०. कुठूनही भागा, दीडच येतात.

याच हिशेबाने पाहिलं तर तिथले वीस क्रेडिट म्हणजे इथले तेरा-सव्वातेरा. उरलेले पावणेसात परत येऊन भरून काढायचे, तेही पुढच्या सेमचे वीस डोक्यावर असताना. तेव्हा ‘ए’ तक्त्यात तीस हवेत. युरोपातून कुणी ताळगावच्या पठारावर आपल्या गोवा विद्यापीठात एक सत्र शिकायला आलं, तर त्याला हीच शिडी उलटी उतरावी लागेल. त्याच्याकडच्या तीसच्या बदल्यात इथले वीस पुरतात. तीसच घ्यायला गेला तर बिचारा मरायला टेकेल.

ब्रिटनचं गणित वेगळं, पण एका ओळीत संपतं: वर्षाला १२० क्रेडिट, दोन ब्रिटिश क्रेडिट बरोबर एक ईसीटीएस, म्हणजे त्यांचं २० क्रेडिटचं मोड्यूल आपल्याकडे साडेसहाच्या थोडं वर. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ म्हणवून घ्यायला सत्रात साधारण १२ क्रेडिट लागतात आणि बहुतेक जण १५ घेतात. तिथे १५ म्हणजे पूर्ण सत्र. मेलबर्न विद्यापीठात एक विषय १२.५ पॉइंटचा आणि सत्र ५० चं. आकडा कितीही विचित्र दिसू दे, पूर्ण सत्राचा आकडा काढायचा आणि आपला कोर्स त्याच्या कितवा हिस्सा आहे ते बघायचं.

विज्ञानाच्या मुलांना आणखी एक फसगत सोसावी लागते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपल्या वेळापत्रकात आठवड्याला पंचवीस तास भरलेले असतात. तिकडचं वेळापत्रक उघडलं की एखाद्या आठवड्यात दहा-बारा तासच वर्ग दिसतात. मुलांना वाटतं भरपूर मोकळा वेळ आहे, अजून एक कोर्स घेऊ. घेऊ नका! तो मोकळा दिसणारा वेळ आधीच विकला गेलेला आहे. स्वीडनमध्ये तर हिशेब उघड आहे: दीड क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ कामाचा एक आठवडा, ४० तासांचा. तीस क्रेडिट म्हणजे असे वीस आठवडे. तिथे बरेच कोर्स एकामागून एक चालतात, ७.५ चा कोर्स पूर्ण वेगाने पाच आठवड्यांत उरकतो, परीक्षा होते आणि दुसऱ्या दिवसापासून पुढचा सुरू. दोन कोर्स एकाच पाच आठवड्यांत पूर्ण वेगाने लावले तर ऐंशी तासांचा आठवडा होईल. म्हणून कोर्सचं नाव आवडलं तरी तो कोणत्या आठवड्यांत आहे आणि पूर्ण वेगाचा की अर्ध्या, ते आधी पाहायचं.

लॅबचंही तसंच. आपल्याकडे आठवड्याला एक बॅच, दोन तास, मग जर्नलवर सही. तिकडे लॅब कधी सलग दोन आठवड्यांच्या ब्लॉकमध्ये असते, सकाळी आत गेलात की संध्याकाळी बाहेर. लेक्चरला हजेरी पुष्कळ ठिकाणी कुणी विचारत नाही. लॅबचा दिवस चुकला तर मात्र कोर्सच हातचा जाऊ शकतो. प्रयोगाआधी सुरक्षेची चाचणी, प्रयोगानंतर रिपोर्ट, आणि रिपोर्ट समाधानकारक नसेल तर तो परत. आपली मुलं हाताने काम करण्यात कमी नाहीत, टायट्रेशन आणि सेक्शन कटिंग बारावीपासून केलेलं असतं. अडतं ते रिपोर्टच्या चर्चेत, ‘असं का आलं’ हे स्वतःच्या शब्दांत लिहिताना. जाण्याआधी आपल्याच सेमच्या दोन प्रयोगांचे असे रिपोर्ट लिहून बघावेत. फार उपयोग होतो.

आता निवडायचं काय? तीस क्रेडिट भरायचे म्हणून मिळेल ते घ्यायचं नाही. इथल्या मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, जे कोर्स एकमेकांवर रचलेले आहेत, क्वांटम मेकॅनिक्स किंवा ऑरगॅनिकचा मधला टप्पा, ते शक्यतो इथेच पूर्ण करावेत. त्यांचा क्रम विद्यापीठागणिक बदलतो आणि एक दुवा निसटला की पुढचं सेम जड जातं. ‘बी’ तक्त्यात इलेक्टिव्ह (ऐच्छिक) आणि मायनर (दुय्यम विषयाचे) कोर्स सोडवून घ्यावेत. प्रत्येक कोर्सला नावानिशी जोडीदार शोधायची गरज नसते. ईसीटीएसच्या मार्गदर्शक तत्त्वांत एकास एक जोड्या लावण्याचा आग्रहच नाही, सत्राचा पूर्ण गट दुसऱ्या गटाच्या बदल्यात धरता येतो. हे आपल्या विभागात आधी बोलून, लेखी घेऊन ठेवायचं. तोंडी होकार देणारे सर पुढच्या वर्षी त्याच खुर्चीत असतीलच असं नाही.

आणि जे गोव्यात मिळणार नाही ते शिकायला जावं, हे मी प्रत्येकाला सांगतो. खारफुटी पाहायची तर चोडणला फेरीने जाता येतं, नदीमुख अभ्यासायचं तर मांडवी आणि जुवारी दारात आहेत, दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पण बर्फ? वास्कोच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून भारताच्या अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या स्थानकांचा कारभार चालतो. आर्क्टिकमध्ये स्वालबार्ड द्वीपसमूहावर, नी-ओलेसुंड इथे, २००८ पासून हिमाद्री स्थानक आहे, तेही याच केंद्राकडे. त्याच द्वीपसमूहावर लाँगइयरब्येनमध्ये १९९३ पासून एक विद्यापीठ केंद्र आहे. तिथे आर्क्टिक जीवशास्त्र, भूशास्त्र, भूभौतिकी हे विषय प्रत्यक्ष बर्फावर शिकवतात, आणि प्रवेशासाठी आपल्या स्वतःच्या विद्यापीठात नाव नोंदलेलं असावं लागतं. पदवीचे सत्रभराचे कोर्स तिथे बहुतेक १५ क्रेडिटचे, म्हणजे दोन कोर्समध्ये सत्र पूर्ण, आणि आपल्या हिशेबाने एकेक दहाचा. वास्कोला पुढे काम करायची इच्छा असलेल्या साखळीच्या किंवा काणकोणच्या मुलीने ही निवड का करू नये? भीती वाटते ती ‘बी’ तक्त्यात दहा क्रेडिटचा एकच कोर्स कुठे बसवायचा याची. गटाने बसवायचा, वर सांगितलं तसा.

राहिला तारखांचा प्रश्न. जर्मनीत हिवाळी सत्राची लेक्चरं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि पुष्कळ परीक्षा त्यानंतर होतात. तोवर इथलं पुढचं सेम निम्म्यावर आलेलं असतं. स्वीडनचं शरद सत्र ऑगस्टअखेरीस सुरू होऊन जानेवारीच्या मध्यात संपतं, त्यातल्या त्यात आपल्याशी जुळणारं. म्हणून देश ठरवण्याआधीच दोन्हीकडची कॅलेंडरं शेजारी ठेवून बघायची आणि परत येण्याची तारीख लक्षात घेऊन हजेरीबद्दल कॉलेजला आधी अर्ज द्यायचा. परतताना ट्रान्सक्रिप्टबरोबर प्रत्येक कोर्सचा पूर्ण सिलॅबस, तासांच्या फोडीसकट, पीडीएफमध्ये आणायचा. ग्रेड बदलून घेताना आपल्याकडे दहा चांगले आणि जर्मनीत एक चांगला हे कमिटीला समजावून सांगावं लागतं, आणि तेव्हा त्या सत्रात तिथे इतर विद्यार्थ्यांना कोणत्या ग्रेड किती प्रमाणात मिळाल्या याचा तक्ता सोबत असला तर काम लवकर होतं. तो तिकडच्या विद्यापीठाच्या कार्यालयातून निघण्याआधीच मागून घ्यावा.