टेस्टिंग मेन्यू आणि सेट मेन्यू: किंमत दोन्हीकडे ठरलेली, जेवण मात्र वेगळं

कुणाची चाळिशी असते, कुणाला नवी नोकरी लागलेली असते, कुणी दहा वर्षांनी परदेशातून आलेलं असतं. एखाद्या भारी रेस्टॉरंटमध्ये टेबल घ्यायचं ठरतं आणि वेबसाइटवर दोन ओळी दिसतात: ‘सेट मेन्यू, तीन कोर्स’ आणि ‘टेस्टिंग मेन्यू, दहा कोर्स’. दोन्हीपुढे माणशी एकेक ठरलेली रक्कम लिहिलेली. मग पहिलं म्हणजे छोटं जेवण आणि दुसरं म्हणजे तेच, पण मोठं, असा समज होतो. घोळ होतो तो इथेच.

सेट मेन्यूमध्ये रेस्टॉरंट कुंपण घालतं आणि आतली निवड तुमची असते. स्टार्टरला तीन पर्याय, मुख्य पदार्थाला तीन-चार, गोडाला दोन. तुम्ही मासा घ्या, शेजारचा मशरूम घेईल. टेस्टिंग मेन्यूमध्ये निवड शेफची. कुठला पदार्थ, किती, कशानंतर काय, हे सगळं तुम्ही दारात पाऊल टाकण्याआधीच ठरलेलं असतं. काही ठिकाणी तर पदार्थांची यादी जेवण संपल्यावर हातात मिळते.

दोघांचं मूळही वेगळं. ठरलेल्या दरात दोन-तीन कोर्स ही फ्रान्समधल्या दुपारच्या जेवणाची रोजची सोय. किचनला पदार्थ मोजके करायचे म्हणून दर उतरतो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली रेस्टॉरंट वीक, म्हणजे सवलतीच्या ठरलेल्या दरात जेवण देण्याचा उपक्रम, सुरू झाला तेव्हा तीन कोर्सचं दुपारचं जेवण १९.९२ डॉलरला ठेवलं होतं. महागडं दार थोड्या पैशात उघडणं हाच सेट मेन्यूचा उद्देश. टेस्टिंग मेन्यू मोठा झाला तो १९७० नंतर. फ्रेंच शेफ जपानला जाऊ लागले, तिथलं ऋतूनुसार छोट्या छोट्या पदार्थांनी रचलेलं काइसेकी जेवण त्यांनी पाहिलं आणि आपल्याकडे नेलं. स्पेनमधलं एल बुली हे रेस्टॉरंट २०११ मध्ये बंद झालं, त्याआधीच्या वर्षांत तिथे एका जेवणात तीसहून जास्त पदार्थ येत. आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मीला २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘मास्क’ हे रेस्टॉरंट टेस्टिंग मेन्यूसाठीच ओळखलं जातं. दिल्लीच्या इंडियन ॲक्सेंटमध्ये टेस्टिंग मेन्यूही आहे आणि कार्डावरून एकेक पदार्थही मागवता येतो.

इंडियन ॲक्सेंटचं उदाहरण आणखी एका गैरसमजासाठी उपयोगी आहे. तिथे सुरुवातीला शोरब्याच्या छोट्या कपासोबत ब्लू चीज भरलेला बोटभर नान येतो आणि मधे तोंडाची चव बदलायला इवल्याशा प्रेशर कुकरमध्ये डाळिंब-चुरणाची कुल्फी. न मागवता असं काही टेबलावर आलं की लोक ‘टेस्टिंग मेन्यू’ म्हणून फोटो टाकतात. पण सुरुवातीचा घास, मधलं सरबत किंवा सॉर्बे (फळांच्या रसाचा बर्फाळ गोळा), शेवटी कॉफीबरोबरची छोटी चॉकलेटं हा चांगल्या रेस्टॉरंटचा पाहुणचार आहे. तो सेट मेन्यूतही मिळतो आणि कार्डावरून मागवलं तरी मिळतो. त्यावरून मेन्यू कुठला ते ठरत नाही.

पोट भरतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दहा कोर्सच्या जेवणात एकेक प्लेट साधारण ४० ते ७० ग्रॅमची असते, म्हणजे तीन-चार घास. बेरीज केली तर पाचशे-सहाशे ग्रॅम. तीन कोर्सच्या सेट मेन्यूत स्टार्टर १००-१२० ग्रॅम, मुख्य पदार्थ बाजूच्या भाजीसकट २५०-३००, गोड १०० च्या आसपास. बेरीज जवळजवळ तेवढीच. उपाशी कुणी राहत नाही, फरक वाटणीचा आहे.

आणि या वाटणीमुळे स्वयंपाकच बदलतो. तीन घासांसाठी केलेला पदार्थ मीठ, आंबट, तूप-लोणी सगळ्यात जरा चढा असतो, कारण त्याला तेवढ्यातच आपलं म्हणणं मांडायचं असतं. तोच पदार्थ वीस घास खाल्ला तर नकोसा होईल. उलट सेट मेन्यूतला मुख्य पदार्थ शेवटच्या घासापर्यंत टिकावा म्हणून बेताचा, संयमी केलेला असतो. म्हणून ‘टेस्टिंगमधला तो मासा मोठ्या प्लेटमध्ये द्या’ ही मागणी चांगला शेफ मान्य करत नाही. त्यात आखडूपणा नाही.

टेस्टिंग मेन्यू बिघडतो तो बहुतेक वेळा ब्रेडमुळे. गरम सावरडो (आंबवलेल्या पिठाचा ब्रेड) आणि चांगलं लोणी समोर येतं, भूक लागलेली असते, गप्पा रंगलेल्या असतात. दोन जाड काप म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास, वर लोणी. सातव्या कोर्सला, म्हणजे नेमका सगळ्यात जड मांसाचा किंवा पनीर-मशरूमचा पदार्थ येतो तेव्हा, निम्मं टेबल प्लेट सरकवून बसलेलं असतं. अर्धा काप खा, बाकीचा रस्सा पुसायला ठेवा. सेट मेन्यूत ब्रेड मनसोक्त खाल्लात तरी फार तर गोड जाणार नाही.

सगळ्या टेबलाने एकच का घ्यायचं?

टेस्टिंग मेन्यूच्या खाली बारीक अक्षरात ‘संपूर्ण टेबलासाठी’ असं लिहिलेलं असतं. सहापैकी चौघांनी टेस्टिंग घ्यायचं आणि दोघांनी कार्डावरून, हे बहुतेक ठिकाणी चालत नाही. कारण सरळ आहे. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी हात लावत नाही, तसं इथे सहाच्या सहा प्लेट एकाच वेळी उचलल्या जातात. दहा कोर्स, सहा माणसं, म्हणजे साठ प्लेट, आणि दोन कोर्समध्ये बारा-पंधरा मिनिटांचं अंतर. मधेच कुणाचा तीन कोर्सचा हिशेब आला तर ते दोघं तासभर रिकाम्या टेबलापुढे बसतात.

याच कारणाने उशीर महागात पडतो. एक जण अर्धा तास ट्रॅफिकमध्ये अडकला तर सेट मेन्यूत बाकीचे स्टार्टर मागवू शकतात. टेस्टिंगमध्ये किचन पूर्ण टेबल थांबवतं आणि शेवटचे कोर्स घाईत येतात. अडीच ते तीन तास हाताशी ठेवा. सेट मेन्यूला दीड तास पुरतो.

एक बारीक गोष्ट पाळली तर जेवण खूप सुधारतं. वॉशरूमला जायचं तर प्लेट उचलल्याबरोबर जा, पुढची येण्याच्या बेतात नको. खुर्ची रिकामी दिसली की वेटर आत खूण करतो आणि सहा प्लेट तशाच थांबतात. वरचा फेस दोन-तीन मिनिटांत बसतो, पापडासारखी पातळ कुरकुरीत चकती खालच्या ओल्या क्रीमचं पाणी शोषून मऊ पडते, आइस्क्रीमच्या गोळ्याच्या कडा सुटतात. फोटो काढायचा तर एकाने काढावा, तोही प्लेट ठेवल्या ठेवल्या. आणि ज्याच्यासाठी जमलात त्याच्यासाठी चार शब्द बोलायचे असतील तर पहिल्या घासाआधी बोला. पाचव्या कोर्सला ग्लास वाजवून भाषण सुरू झालं की जे समोर येतं ते थंड खावं लागतं.

व्हेज, जैन, ॲलर्जी आणि संकष्टी

आपल्या मित्रमंडळींत हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा आहे. सेट मेन्यूत पर्याय समोर असतात, तिथल्या तिथे निभावतं. टेस्टिंग मेन्यूचे रस्से, सॉस, मॅरिनेशन दोन-दोन दिवस आधी तयार होतात आणि बहुतेकांच्या तळाशी कांदा-लसूण असतो. वरून लसूण काढून टाकला म्हणून पदार्थ जैन होत नाही. म्हणून बुकिंग करतानाच, निदान ४८ ते ७२ तास आधी सांगा, आणि तीन गोष्टी वेगळ्या करून सांगा: ॲलर्जी काय, धर्माने किंवा व्रताने काय वर्ज्य, आणि नुसतं आवडत नाही ते काय. ‘शेंगदाणे नकोत’ एवढंच म्हटलं तर किचनला धोका कळत नाही.

‘व्हेज’ म्हणतानाही अंडं चालतं का ते स्पष्ट करा. गोडात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असू शकतं, पार्मेझान चीज प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या दूध फाडणाऱ्या द्रव्याने, केलेलं असतं. व्हेज टेस्टिंग मेन्यू स्वतंत्र रचलेला आहे की मांसाच्या जागी फुलकोबी ठेवला आहे, हेही विचारा. दुसरा प्रकार असेल तर पूर्ण पैसे देऊन तो घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. संकष्टी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार यांत टेबल पक्कं झालं की ग्रुपमधले दोघं-तिघं हमखास गळतात.

पेय आणि बिल

टेस्टिंगसोबत ‘पेअरिंग’, म्हणजे पदार्थांना जुळणारी वाइन किंवा पेयं, सुचवलं जातं. प्रत्येक ग्लास ६० ते ७५ मिलिलिटरचा, पण ७५ चे सहा ग्लास झाले की ४५० मिलिलिटर होतात, म्हणजे ७५० च्या बाटलीतली अर्ध्याहून जास्त वाइन एकट्याने. ग्लास छोटे असल्याने हे लक्षात येत नाही. अर्धं पेअरिंग किंवा बिनदारूचं पेअरिंग आहे का विचारा. कोकम, आंबवलेला चहा, फळांचे रस घालून केलेली बिनदारूची पेयं आता फार विचारपूर्वक केली जातात. सेट मेन्यूत सहा जणांनी एक पांढरी, एक लाल अशा दोन बाटल्या घेतल्या तर प्रत्येकी सव्वाशे मिलिलिटरचे दोन ग्लास मिळतात, आणि तेवढे पुरतात. महाराष्ट्रात वाइन-बिअरसाठी वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ लागतं, तेव्हा ग्रुपमध्ये कुणी कॉलेजातलं असेल तर आधीच बघा.

छापलेली किंमत बहुधा कर वगळून असते. माणशी ५,००० धरले तर सहा जणांचे ३०,०००. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १,५००. खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के, म्हणजे ५,४००. मद्यावर राज्याचा व्हॅट वेगळा. सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात घालता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ग्राह्य धरल्या. टीप मात्र मनापासून द्या, साठ प्लेट बिनचूक आणणाऱ्यांनी ती कमावलेली असते. टेस्टिंगचं बिल समान वाटता येतं. सेट मेन्यूत लॉबस्टर किंवा ट्रफल (जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी) यांच्यापुढे ‘जादा आकार’ लिहिलेला असतो, त्याचा हिशेब आधी बोलून घ्या.

केकचं काय? टेस्टिंगमध्ये गोडाचे दोन कोर्स आणि वर चॉकलेटं असतात. त्यानंतर किलोभर केक कुणी खात नाही आणि काही ठिकाणी बाहेरचा केक कापायचे पैसे लागतात. सेट मेन्यूत मात्र गोडाऐवजी केक सहज बसतो.

आमचा सल्ला असा. चार ते सहा जण, सगळ्यांना खाण्याची ओढ, वेळेवर येणारे: टेस्टिंग मेन्यू. खूप वर्षांनी भेटताय, बोलायचंच खूप आहे: सेट मेन्यू, कारण दर बारा मिनिटांनी पदार्थाची माहिती सांगायला कुणी आलं की गोष्ट तुटते. आठच्या वर माणसं असतील तर बऱ्याच ठिकाणी सेट मेन्यूच घ्यावा लागतो. तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा, प्रत्येकाची प्लेट वेगळी की मधे ठेवून वाटून घ्यायचं? आपल्याकडे ‘सेट मेन्यू’ म्हणून चार स्टार्टर, तीन भाज्या, बिर्याणी असं मधे ठेवण्याचीही पद्धत आहे.

आगाऊ रक्कम भरताना रद्द करण्याची मुदत वाचा आणि ‘एक माणूस कमी झाला तर काय’ याचं उत्तर लेखी घ्या. टेस्टिंग मेन्यूत किचनने त्या माणसाचाही माल मोजून आणलेला असतो, म्हणून आदल्या दिवशी गळलेल्या मित्राचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.