सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन : जोडसाहित्य आणि दृष्टिसाधनांची निवड

सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन म्हणजे चाप एकदा ओढला की एकच बार उडवणारी, पण रिकामे काडतूस बाहेर फेकून पुढचे काडतूस आपोआप नळीत चढवणारी, गुळगुळीत नळीची बंदूक. तिच्या तोंडाशी बसणारे चोक, दस्त्याचे पॅड व पट्ट्या, नेम धरण्याची माशी, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारे साधन) किंवा दुर्बीण, रेल (साधने अडकवायची खाचांची पट्टी), पट्टा अशा बदलता येणाऱ्या वस्तूंना जोडसाहित्य म्हणतात. दुनळीपेक्षा या बंदुकीसाठी निवड अधिक काळजीने करावी लागते, कारण दुनळीला काहीही बसवले तरी ती चालतेच, तर सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीचे चालणे तिच्या वजनावर, धक्क्यावर आणि काडतुसाच्या जोरावर अवलंबून असते.

या प्रकारातील पहिली यशस्वी बंदूक जॉन ब्राउनिंग यांची ‘ऑटो-५’. तिचे उत्पादन १९०२ च्या सुमारास बेल्जियममधील एफएन कारखान्यात सुरू झाले. बार उडाल्यावर तिची नळीच मागे सरकत असे. पुढे दोन पद्धती रूढ झाल्या. रेमिंग्टन ११०० (१९६३) सारख्या बंदुकांत नळीतील वायूचा थोडा भाग छिद्रांतून बाहेर घेऊन दट्ट्या ढकलला जातो. बेनेली कंपनीने रुजवलेल्या इनर्शिया पद्धतीत सगळी बंदूक मागे सरकते, बोल्टचा (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या ठोकळ्याचा) जड भाग मात्र जडत्वामुळे क्षणभर जागीच राहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच उलगडताना बोल्टला मागे फेकते. वायूवर चालणारी बंदूक खांद्याला सौम्य लागते, पण काजळी साठवते. इनर्शियाची बंदूक स्वच्छ राहते, पण ती मोकळेपणाने मागे सरकू शकली पाहिजे. तिला टॉर्च, काडतुसांची जादा पट्टी आणि वजनदार दुर्बीण असे सगळे लटकवून वर २४ ग्रॅमचे हलके काडतूस वापरले, तर धक्का कमी पडतो, बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामे काडतूस बाहेर पडायच्या खिडकीतच अडकते. असा अडथळा आला की नवखा नेमबाज बंदुकीला दोष देतो. दोष बहुधा त्याने स्वतः बसवलेल्या वजनाचा असतो.

कायदा आणि मुंबईतील परिस्थिती

भारतात ही निवड दुकानाच्या काउंटरवर सुरू होत नाही, ती परवान्यापासून सुरू होते. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार सेमी-ऑटोमॅटिक बंदुका निर्बंधित वर्गात मोडतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, तर साध्या बारा बोअर दुनळीचा अर्ज मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडे करावा लागतो. त्यामुळे शहरात अशी बंदूक बाळगणारे थोडे आहेत आणि त्यांत क्रीडा नेमबाजांचा भरणा आहे. २० इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बंदूकही निर्बंधित आहे आणि कलम ६ प्रमाणे परवानगीवाचून नळी कापणे हा गुन्हा आहे. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारे जोडसाहित्य या कायद्याच्या व्याख्येत बंदुकीतच गणले जाते. म्हणजे सायलेन्सर ही ‘ॲक्सेसरी’ नव्हे, ते स्वतंत्र परवान्याचे शस्त्र झाले. दुरुस्ती आणि फेरफार यांनाही परवाना लागतो. रेल बसवायला रिसीव्हरवर (यंत्रणा असलेल्या मधल्या भागावर) भोके पाडून आटे काढायचे असतील, तर ते काम परवानाधारक बंदूक कारागिराचेच आहे. कुर्ल्यातील किंवा साकीनाक्यातील लेथवाला ते सफाईने करील, पण त्याला ते करता येणार नाही आणि त्याच्याकडे बंदूक सोडून येणे मालकालाही परवडणार नाही.

मुंबईत वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज रायफल आणि पिस्तूल नेमबाजीसाठी ओळखली जाते. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. शॉटगनने उडत्या तबकड्या टिपण्याच्या ट्रॅप व स्कीट या खेळांना मात्र फार मोकळी जागा लागते. अडीच मिलिमीटर व्यासाचा छर्रा हवेत सुमारे २०० मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि तेवढे निर्मनुष्य मैदान या बेटावर मिळणे अवघड. राष्ट्रीय पातळीवरचे महत्त्वाचे केंद्र दिल्लीतील डॉ. कर्णीसिंग रेंज हे आहे. कर्णीसिंग यांनी १९६२ च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकार बंद झाली असल्याने परदेशी कॅटलॉगमधील निम्मे जोडसाहित्य, जे हरणांच्या, टर्कीच्या किंवा बदकांच्या शिकारीसाठी बनते, ते येथील नेमबाजाच्या उपयोगाचे नाही.

दस्त्याचे माप

कोणतेही दृष्टिसाधन घेण्याआधी दस्ता अंगाला बसतो का ते पाहावे. शॉटगनला रायफलसारखी मागची साइट नसते. नेमबाजाचा डोळा हीच तिची मागची साइट. गाल दस्त्यावर जेथे टेकतो तेथे एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी मारा हलतो : गालपट्टी दीड मिलिमीटर उचलली तर १५ मीटरवर माऱ्याचा मध्य साधारण अडीच सेंटीमीटर वर जातो. बहुतेक आधुनिक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांबरोबर दस्ता आणि रिसीव्हर यांच्यामध्ये घालायच्या पातळ चकत्या येतात. त्यांनी दस्त्याचा उतार आणि डावी-उजवी कलणी बदलता येते. चापापासून पॅडच्या टोकापर्यंतची लांबी कारखान्यातून १४ ते साडेचौदा इंच येते. ती उंच, लांब हातांच्या युरोपीय माणसाला धरून ठरलेली असल्याने आपल्याकडील अनेकांना, विशेषतः मुलींना, जास्त पडते. बंदूक उचलताना पॅड काखेत अडकते. पातळ पॅड हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. डाव्या डोळ्याचे प्राबल्य असलेला माणूस उजव्या खांद्यावरून मारत असेल, तर त्याने आधी चष्म्याच्या डाव्या काचेवर नेमाच्या रेषेत एक लहानसा चिकटपट्टीचा ठिपका लावून पाहावा. महागड्या माशीपेक्षा त्याचा गुण लवकर येतो.

चोक

नळीच्या तोंडाशी आट्यांनी बसणारी ही नळकांडी छर्ऱ्यांचा झोत किती पसरायचा ते ठरवते. बारा बोअरची नळी आतून सुमारे १८.५ मिलिमीटर असते. फुल चोक ती अंदाजे १ मिलिमीटरने, मॉडिफाइड अर्ध्या मिलिमीटरने आणि इम्प्रूव्हड सिलिंडर पाव मिलिमीटरने आवळतो. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात फुल चोकचे सुमारे ७० टक्के, तर साध्या सिलिंडरचे, म्हणजे न आवळलेल्या नळीचे, ४० टक्के छर्रे पडतात, अशी जुनी मोजणी आहे. स्कीटमध्ये तबकडी जवळून जाते म्हणून मोकळा चोक, ट्रॅपमध्ये ती दूर पळते म्हणून आवळ. एका कंपनीचे चोक दुसरीच्या नळीत बसतीलच असे नाही. बेरेटाच्या मोबिलचोक आणि ऑप्टिमा या एकाच घरातील दोन जातीसुद्धा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. आटे अर्धवट धरलेला चोक बार उडताना नळीचे तोंड फाडू शकतो. काडतूस बदलले की कागदावर बार टाकून झोत पुन्हा तपासावा; चोकवर कोरलेला शब्द हा फक्त अंदाज असतो.

दृष्टिसाधने

सर्वांत जास्त पैसा येथे वाया जातो. शॉटगन दोन प्रकारे चालवली जाते. उडत्या तबकडीवर ती झुलवली जाते आणि तेव्हा नजर तबकडीवर हवी, बंदुकीवर नको. स्थिर लक्ष्यावर किंवा एकसंध गोळी असलेल्या स्लग काडतुसाने ती रायफलसारखी रोखली जाते. पहिल्या प्रकारात नळीवरची उंच पट्टी आणि टोकाची पितळी किंवा पांढरी माशी पुरते. मधोमध दुसरी बारीक माशी असली तर दोन्ही माश्या एकीवर एक चढून इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या दिसतात का, यावरून गाल बरोबर टेकला की नाही ते कळते. ही तपासणी बंदूक उचलताना करायची. तबकडी सुटल्यावर माशीकडे पाहिले की झोका थांबतो आणि मारा मागे पडतो. झगमगीत हिरवी फायबर ऑप्टिक माशी याच कारणाने काहींना त्रासाची ठरते.

स्पर्धेच्या नियमांनी तर हा प्रश्न मिटवलाच आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये लक्ष्य मोठे किंवा ठळक करून दाखवणारे, प्रकाश टाकणारे असे कोणतेही साधन बंदुकीवर चालत नाही, बंदुकीला पट्टा चालत नाही, काडतुसात २४ ग्रॅमच छर्रे असतात. सेमी-ऑटोमॅटिक बंदूक चालते, पण तिच्या मॅगझिनमध्ये (काडतुसे साठवण्याच्या नळीत) एकापेक्षा जास्त काडतूस जाणार नाही असा अडसर घालावा लागतो. मॅगझिनची लांबी वाढवणारी नळी त्यामुळे येथे बिनकामाची. ऑप्टिकला, म्हणजे रेड डॉट किंवा दुर्बिणीला, जागा आहे ती आयपीएससी (आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघ) पद्धतीच्या शॉटगन स्पर्धांतील ओपन विभागात.

तेथे रेड डॉट खरोखर उपयोगी पडतो. त्याचा ठिपका दोन्ही डोळे उघडे ठेवून दिसतो. ठिपक्याचे माप कोनाच्या मिनिटांत सांगतात; १ मिनिट म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटीमीटर. ६ मिनिटांचा ठिपका ४० मीटरवर ७ सेंटीमीटर झाकतो, जो छर्ऱ्यांना चालतो. स्लगसाठी २ किंवा ३ मिनिटांचा बरा. ठिपका नळीपासून जितका उंच बसेल तितका गाल दस्त्यावरून सुटतो, म्हणून रेड डॉट ज्यावर बसतो ती बैठक बुटकी घ्यावी किंवा गालपट्टी उंच करावी. दुर्बीण घ्यायची तर कमी पटीची आणि डोळ्यापासून निदान ९ सेंटीमीटर अंतर देणारी हवी, नाहीतर बारा बोअरचा धक्का भुवई फोडतो. रायफलच्या दुर्बिणी सहसा १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात, म्हणजे त्या अंतरावर डोळा थोडा हलला तरी नेम हलत नाही; शॉटगनच्या दुर्बिणींत हे अंतर ५० ते ७५ यार्ड ठेवतात. बैठक रिसीव्हरवर असेल आणि नळी सुटी होत असेल, तर साफसफाईनंतर नेम किंचित सरकू शकतो. नळीलाच जोडलेल्या कँटिलिव्हर बैठकीत ही अडचण राहत नाही. पिकाटिनी रेलचे अमेरिकी लष्करी मानक १९९५ चे आहे आणि त्याच्या खाचा १० मिलिमीटरच्या अंतराने येतात, त्यामुळे कोणत्याही कंपनीची बैठक त्यावर बसते.

इतर साहित्य आणि देखभाल

कान झाकणारे मफ आणि न फुटणाऱ्या काचेचा चष्मा हे खरे पहिले जोडसाहित्य. बारा बोअरचा आवाज १४० डेसिबलांच्या वर जातो. सेमी-ऑटोमॅटिक बंदूक रिकामे काडतूस उजवीकडे भिरकावते आणि शेजारच्या नेमबाजाच्या मानेवर ते गरम नळकांडे आदळते, म्हणून रेंजवर खिडकीशी लावायचा लहानसा अडसर जवळ ठेवण्याचा रिवाज चांगला आहे.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियमची बैठक आणि पोलादी स्क्रू यांच्या सांध्यात गंज धरतो; जूनपूर्वी स्क्रू काढून, पुसून, आटे पकडून ठेवणाऱ्या द्रावाचा थेंब टाकून पुन्हा ठरलेल्या ताणाने आवळावेत. चोक आट्यांत कायमचा चिकटू नये म्हणून दर रेंजनंतर काढून त्याला ग्रीस लावावे. फोमच्या पेटीत बंदूक पावसाळाभर ठेवू नये, कारण फोम ओल धरतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावल्या की वाळवून घ्याव्यात. रेड डॉटची बॅटरी काढून ठेवावी, आणि वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमटपणात आल्यावर काचेवर धुके धरले तर ते पुसण्याची घाई न करता आपोआप विरू द्यावे, कारण ओल्या काचेवर कापड फिरले की मिठाचा कण तिच्यावरच्या लेपाला ओरखडा पाडतो.