तुमची फाइल बॅकअपला कधी कधी गेली, ते कसं बघायचं?

(आमच्या सांगली, मिरज, कुपवाडच्या ग्राहकांसाठी)

"बॅकअप रोज होतोय ना?" हे सगळेच विचारतात. होतोय, रोज रात्री जॉब (बॅकअप घ्यायचं ठरलेलं काम) चालतो आणि सकाळी ओकेचा मेल येतो. पण जॉब ओके झाला म्हणजे तुमची ती फाइल त्यात होतीच असं नाही, बॅकअपला फक्त डी ड्राइव्ह लावलाय आणि अकाउंटंटनं फाइल डेस्कटॉपवर ठेवलीय, तरी मेल ओकेचाच येणार. म्हणून विचारायचं ते त्या फाइलबद्दल.

आमच्या सर्व्हरला बॅक्युला (बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर) आहे. मार्केट यार्डात हळदीची पोती गोडाऊनला आणि नोंद वहीत, तसंच इथं डेटा डिस्कवर आणि त्याची नोंद कॅटलॉग नावाच्या डेटाबेसमध्ये. त्यामुळं इतिहास बघायला बॅकअप उघडायला लागत नाही, डेटाबेसला क्वेरी (म्हणजे प्रश्न) मारली की झालं. जॉब, फाइल आणि पाथची (म्हणजे फोल्डरच्या पत्त्याची) टेबलं जोडायची, मशीनचं आणि फाइलचं नाव द्यायचं, तारखेनं लावून घ्यायचं. क्वेरी नुसती वाचते, बॅकअपला धक्का लागत नाही, तेव्हा विचारायला संकोच नको.

आता उत्तर कसं वाचायचं, कारण घोळ इथंच होतो. समजा तुमच्या सौद्यांच्या एक्सेल फाइलला 1 तारखेला एफ, 4 ला आय, 9 ला आय आणि 15 ला डी अशा चार ओळी आल्या. लगेच फोन येतो, "अहो मधल्या दिवसांचा बॅकअप कुठाय?" काही गेलेलं नसतं. एफ म्हणजे फुल, सगळं घेतलं. आय म्हणजे इन्क्रिमेंटल, आदल्या बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच. 5 ते 8 फाइलला कुणी हात लावला नाही म्हणून ओळ नाही, त्या दिवशीची फाइल म्हणजे 4 तारखेचीच. डी म्हणजे डिफरन्शियल, शेवटच्या फुलनंतर जे जे बदललं ते सगळं परत घेतो, म्हणून 15 ची ओळ दिसली तरी फाइल 9 नंतर बदलली असेलच असं नाही. ते चेकसमवरून (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यावरून) कळतं, दोन ओळींचा चेकसम एकच असला की आतला मजकूर तोच. आणि जॉबचं स्टेटस टी पाहिजे, म्हणजे जॉब नीट संपला. फाइल डिलीट झालेलीसुद्धा कळते बरं का, अॅक्युरेट मोड (आधीच्या यादीशी ताळा घेणारी सेटिंग) चालू असेल तर अशा फाइलची ओळ येते पण तिचा फाइलइंडेक्स, म्हणजे जॉबमधला फाइलचा क्रमांक, शून्य असतो. कुणी उडवली ते मात्र आम्हाला विचारू नका, ते ऑफिसातच मिटवा.

फाइलचं नाव बदललं की डेटाबेसला ती नवीनच फाइल, फोल्डर हलवलं तरी तेच, म्हणून जुनं नाव आठवत असेल तर तेही सांगा. हिशेब लिहिलंय का हिशोब, यानंसुद्धा फरक पडतो. टॅलीवाल्यांनी एकेक फाइल मागू नये, कंपनीचं आकडी नावाचं अख्खं फोल्डर एकाच तारखेचं लागतं, नाहीतर डेटा उघडतच नाही.

अजून एक, फाइलच्या नोंदी कॅटलॉगमध्ये कायम राहत नाहीत. बॅक्युलात मुळात 60 दिवसांची मुदत असते, जॉबच्या नोंदीला 180. तुमची मुदत किती ठेवलीय ते करारात लिहिलेलं आहे, एकदा बघून घ्या. नोंद गेली म्हणजे डेटा गेला असं नाही, डिस्कवर असेल तर बीस्कॅन (बॅक्युलाचंच टूल) लावून नोंदी परत उभ्या करता येतात, पण त्याला वेळ जातो आणि मार्चएंडला तो कुणाकडंच नसतो. 2019 च्या पुरानंतर दुसरी कॉपी नदीपासून लांब ठेवा हे सांगलीत कुणाला शिकवायला नको, पण कॅटलॉगचीही कॉपी लांब लागते हे बरेच जण विसरतात. आम्ही ती रोज पाठवतो.

तर फाइल हरवली की व्हॉट्सअॅपवर एवढंच टाका: कुठलं मशीन, कुठलं फोल्डर, नाव (अर्धवट चालेल) आणि फाइल शेवटची बरोबर कधी बघितली होती. मेसेज करारात दिलेल्या नंबरवरूनच पाहिजे, दुसऱ्या नंबरवरून मालक स्वतः बोलत असले तरी आम्ही आधी फोन करून खात्री करणार, राग मानू नका. ओळींची यादी पाठवतो, तुम्ही तारीख निवडा. काढलेली फाइल वेगळ्या फोल्डरात ठेवतो, आत्ताच्या फाइलवर टाकत नाही.