उबंटू अपग्रेडनंतर कोड कंपाइल होत नाहीये? जुना जीसीसी कंपायलर सोबत ठेवता येतो

भोसरी, चाकणच्या ज्या कस्टमरांची मशिन्स उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेलीत त्यांच्यासाठी हे. अपग्रेडनंतर सगळ्यात जास्त फोन याचेच येतात, कालपर्यंत नीट बिल्ड होणारा सी प्लस प्लस कोड आज एररवर एरर देतो आणि वाटतं सिस्टिमच बिघडली.

बिघडलेलं काही नाही. २२.०४ मधे डिफॉल्ट जीसीसी (कोडपासून प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) ११ होता, २४.०४ मधे १३ आहे. १३ मधली काही हेडर्स (कोडमधे जोडायच्या तयार फाइल्स) आतल्या आत दुसरी हेडर्स घेत नाहीत, त्यामुळे कोडमधे सीएसटीडीइंट हे हेडर इन्क्लूड न करताच त्यातले टाइप वापरले असतील तर आधी खपून जायचं, आता अडतं. ती एक ओळ टाका. आमचं स्पष्ट मत आहे की आधी कोड दुरुस्त करा, कंपायलर मागे नेणं नंतर.

डिलिव्हरी उद्यावर आली असेल तर मात्र जीसीसी ११ आणि त्याचा जी प्लस प्लस ११ ही दोन्ही पॅकेजं टाका, २४.०४ वर मिळतात आणि १३ सोबत आरामात राहतात. डिफॉल्टला हात न लावता फक्त त्या प्रोजेक्टपुरतं सीसी आणि सीएक्सएक्स या, कोणता कंपायलर घ्यायचा ते सांगणाऱ्या दोन व्हेरिएबलमधे ११ ची नावं द्या. सीमेक (बिल्डची मांडणी करणारं टूल) असेल तर बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा, पहिल्यांदा सापडलेला कंपायलर तो कॅशमधे धरून ठेवतो आणि मग तुम्ही काहीही बदला, बिल्ड १३ नेच होत राहतं.

सगळ्या मशीनचाच डिफॉल्ट बदलायचा तर अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज ही कमांड आहे, पण उबंटूवर जीसीसी त्यात आपोआप नोंदलेला नसतो, थेट कॉन्फिग केलं तर पर्यायच नाहीत म्हणून सांगतं, म्हणून आधी दोन्ही व्हर्जन नोंदवा आणि प्रत्येकाला त्याचा जी प्लस प्लस स्लेव्ह म्हणून, म्हणजे सोबतच बदलेल असा, जोडा, नाहीतर सीचा कोड जीसीसी ११ ने आणि सी प्लस प्लसचा कोड जी प्लस प्लस १३ ने अशी खिचडी होते. मशीनवर एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर बिल्ड होत असेल तर हे आम्हाला विचारल्याशिवाय करू नका प्लीज, असा ड्रायव्हर म्हणजे कर्नल मॉड्यूल (सिस्टिमच्या गाभ्यात बसणारा भाग), तो शक्यतो कर्नल ज्याने बांधलाय त्याच कंपायलरने बांधावा लागतो.

आणि जीसीसी ११ ने बांधलं म्हणजे प्रोग्रॅम शॉपफ्लोअरवरच्या २२.०४ मशीनवर चालेलच असं नाही, कारण जीलिबसी (प्रोग्रॅम वापरतात ती सीची मूळ लायब्ररी) सिस्टिमची असते, इकडे २.३९ आणि तिकडे २.३५, आणि नव्यावर बांधलेलं जुन्यावर अडू शकतं. त्या मशिन्ससाठीचं बिल्ड २२.०४ च्या डॉकर कंटेनरमधेच (त्याच मशीनवर वेगळं ठेवलेलं २२.०४ चं वातावरण) करा, तो सेटअप आम्ही लावून देतो, फोन करा नाहीतर तपकीर गल्लीत दुकानावर या.