मनाला पटेल अशी स्वयंसूचना कशी लिहावी?

नवीन वर्ष लागलं की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरतो. वहीत आपली इच्छा सकाळी 3 वेळा, दुपारी 6 वेळा आणि रात्री 9 वेळा लिहा, 21 दिवसांत ती पूर्ण होईल. मात्र ती पूर्ण झाल्यासारखीच लिहायची, कारण ‘विश्व तथास्तु म्हणतं’. खाली निकोला टेस्लाचं नावही जोडलेलं असतं. टेस्लाने अशी कुठली पद्धत सांगितल्याचा पुरावा नाही, आणि विश्वाला आपली वही वाचता येत नाही. एवढ्यावर विषय सोडून दिला असता. पण एमपीएससीची तयारी करणारी मुलं अभ्यासिकेत डोळ्यांसमोर ‘मी क्लास वन अधिकारी आहे’ अशी चिठ्ठी चिकटवतात, निराशेने खचलेल्या माणसाला घरचेच लोक आरशासमोर ‘मी आनंदी आहे’ म्हणायला लावतात, तेव्हा गप्प बसवत नाही. स्वतःशी काय बोलावं यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे, आणि त्यातून निघालेला सल्ला या संदेशांहून फार वेगळा आहे.

स्वतःलाच एखादं वाक्य पुन्हा पुन्हा सांगण्याच्या या प्रकाराला, म्हणजे स्वयंसूचनेला, आधुनिक काळात लोकप्रिय केलं ते एमिल कुए (1857–1926) या फ्रेंच औषधविक्रेत्याने. औषध देताना त्या औषधाच्या कौतुकाचे दोन शब्द बोलले की गिऱ्हाइकाला जास्त गुण येतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पुढे नॅन्सी शहरात त्याने लोकांना एक वाक्य दिलं: ‘दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे.’ वीस गाठी मारलेली दोरी हातात घ्यायची आणि झोपण्यापूर्वी एकेका गाठीवर हे वाक्य पुटपुटायचं. आपल्या जपमाळेसारखंच. वाक्य नीट वाचा. ‘मी बरा आहे’ असं त्यात कुठेच नाही, ‘बरा होत आहे’ असं आहे. आजारी माणसालाही ते फारसं खोटं वाटत नाही. हा फरक किती मोलाचा आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार मिनिटं मनात येईल ते लिहायला सांगितलं. त्यातल्या निम्म्यांनी दर वेळी घंटेचा आवाज आला की ‘माझ्यावर प्रेम करावं असा मी आहे’ या अर्थाचं वाक्य मनात म्हणायचं होतं. नंतर मनःस्थिती आडून तपासली. उदाहरणार्थ, तिशीतल्या माणसाच्या वाट्याला सुखाचं प्रेम येण्याची शक्यता किती, असं विचारलं. मन खट्टू असेल तर माणूस ती शक्यता कमी सांगतो. ज्यांना स्वतःबद्दल मुळातच बरं वाटत होतं, त्यांना वाक्याचा थोडा फायदा झाला. ज्यांचा आत्मसन्मान कमी होता, त्यांना मात्र वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना गरज, त्यांनाच त्रास. नंतर दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा तोटा तसा दिसला नाही, त्यामुळे यावरून ‘स्वयंसूचना घातक असतात’ असं कुणी म्हणू नये. पण जे घडलं ते का घडलं असावं, याचं स्पष्टीकरण मला या सगळ्या विषयातलं सर्वात सुंदर वाटतं.

त्यासाठी 1961 सालात जावं लागेल. मुझफर शेरीफ आणि कार्ल हॉवलंड या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की कोणत्याही विषयावर आपल्या मनात एकच एक मत नसतं, मतांचे पट्टे असतात. आपलं मत आणि त्याच्या आसपासची पटण्याजोगी विधानं हा स्वीकाराचा पट्टा. त्यापलीकडे ‘असेलही, नसेलही’ असा तटस्थ पट्टा. त्याहून लांब नकाराचा पट्टा. समोर आलेलं विधान स्वीकाराच्या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला पडलं, तर मत त्याच्याकडे थोडं सरकतं. नकाराच्या पट्ट्यात पडलं, तर दोन गोष्टी होतात. ते आहे त्याहूनही लांबचं भासतं, आणि त्याच्या विरोधातले मुद्दे मनात आपोआप गोळा होऊ लागतात. कधी कधी मत उलट्या दिशेनेही सरकतं. आता कळीचा भाग: विषय जितका जिव्हाळ्याचा, तितका नकाराचा पट्टा रुंद आणि स्वीकाराचा अरुंद. कांद्याच्या भावाबद्दल कुणी काही सांगितलं तर आपण ऐकून घेतो. पण ‘मी कसा आहे’ याहून जिव्हाळ्याचा विषय कुठला? तिथे स्वीकाराचा पट्टा अगदी चिंचोळा असतो.

यात स्मरणशक्तीची भर पडते. आठवणी एकमेकींना जोडलेल्या असतात. चाळीत एकाला हाक मारली की शेजारचे दोघे दारात येतात, तसं. ‘मी हुशार आहे’ म्हटलं की ‘हुशार’ या शब्दाशी जोडलेलं सगळं जागं होतं. दोनदा पूर्व परीक्षेत अडकलेल्या मुलाच्या मनात त्या शब्दाशी काय जोडलेलं असेल? यादीत नसलेला आपला क्रमांक, काकांनी लग्नात विचारलेला प्रश्न. वाक्य वीस वेळा म्हटलं की ही उजळणीही वीस वेळा होते. वुड यांच्याच आणखी एका प्रयोगात हे वाक्य कुठे खरं आहे आणि कुठे नाही, या दोन्हींचा विचार करायची मुभा दिली, तेव्हा कमी आत्मसन्मान असलेल्यांना तुलनेने बरं वाटलं. फक्त चांगलंच आठवायची सक्ती जास्त जाचली.

म्हणून पहिली कसोटी अशी: वाक्य एकदा मोठ्याने म्हणा आणि आतून काय उत्तर येतं ते ऐका. ‘छे, काहीतरीच!’ असं आलं तर वाक्य स्वीकाराच्या पट्ट्याजवळ आणा. ‘मी उत्तम वक्ता आहे’ ऐवजी ‘मागच्या सभेत मी दोन मुद्दे नीट मांडले, या वेळी तिसराही मांडू शकेन.’ वर्तमानकाळच हवा, ‘नाही’ शब्द चालत नाही, अंतर्मनाला नकार कळत नाही, हे नियम कार्यशाळांमधून ठामपणे सांगतात. त्यांना आधार नाही.

दुसरी वाट मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी 1988 मध्ये दाखवली. त्यात स्वतःची स्तुती करायचीच नसते. आपल्याला जे मोलाचं वाटतं, मग ते घर असो, गाणं असो, कुणाच्या मदतीला धावणं असो, ते का मोलाचं वाटतं हे लिहायचं. जिथे दुखतं ती जागा सोडून दुसरीकडे पाय रोवायचे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेफ्री कोहेन यांच्या गटाने अमेरिकेतल्या सातवीच्या वर्गात असं लेखन करून घेतलं आणि कृष्णवर्णीय मुलांचे गुण वाढलेले दिसले. पुढे मॅडिसन शहरातल्या शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर पाहिलं तेव्हा एका तुकडीत थोडा फायदा दिसला, पुढच्या तुकडीत नाही. उपाय साधा आणि बिनखर्ची आहे, पण तो चमत्कार नाही.

आता प्रत्यक्ष कृती. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी 1991 मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारीक झाल्याची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांचं वजन, अडचणींचाही विचार करणाऱ्यांपेक्षा सुमारे 24 पौंड, म्हणजे जवळपास 11 किलो कमी घटलं. त्यावर त्यांचे सहकारी पीटर गोलविट्झर यांचा उतारा आहे: ‘जेव्हा अमुक, तेव्हा तमुक’ असं वाक्य. 94 चाचण्या एकत्र तपासल्यावर त्याचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. कारण इथे निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो. प्रसंग समोर आला की तोच कृतीची आठवण देतो.

तेव्हा ‘मी निरोगी आहे’ याच्या जागी लिहा: ‘रात्री ताट उचललं की चपला घालून सोसायटीला तीन फेऱ्या मारेन. पाऊस असेल तर जिन्याने दोनदा वरखाली करेन.’ अभ्यासिकेतल्या चिठ्ठीवर: ‘खुर्चीत बसलो की आधी फोन बॅगेत, मग राज्यघटना.’ अडचण वाक्यातच असू द्या. आणि मन महिनोन्‌महिने उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे.

राहिला 21 दिवसांचा प्रश्न. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं. कुणाला 18 पुरतील, तर कुणाला 254 लागतील, असा त्यांचा अंदाज होता. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आढळलं.