चार तास झोपणाराच पास होतो? साफ चूक!

'अधिकारी व्हायचंय ना? मग झोपेवर पाणी सोडा, चार तास पुरे!' पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना अभ्यासिकांमध्ये हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. सणवार, मित्रांची लग्नं आधीच सोडलेली ही मुलं मग झोपही सोडतात. पोटात तुटतं हे बघून, कारण हा त्याग फुकट जातो.

दिवसा वाचलेलं मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या मदतीने नोंदवलं जातं. गाढ झोपेत मेंदू त्याची उजळणी करतो, तेव्हा ते पक्कं होतं. म्हणजे झोप हा अभ्यासाचाच भाग आहे.

२००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना सलग १४ रात्री फक्त ६ तास झोपू दिलं होतं. शेवटी त्यांचं लक्ष इतकं ढासळलं, जणू ते एक-दोन रात्री अजिबात झोपलेच नव्हते. सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे त्यांना स्वतःला ते फारसं जाणवतच नव्हतं!

रात्रीचे दोन. तिसरा कटिंग संपलाय, राज्यघटनेच्या कलम ३६८ वर हायलायटर दुसऱ्यांदा फिरतोय आणि डोक्यात काही शिरत नाहीये. तेव्हा पुस्तक मिटा. चहातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनंतरही अंगात असतं, त्यामुळे शेवटचा चहा संध्याकाळीच. प्रौढांना रोज किमान ७ तास झोप लागतेच, पेपरच्या आदल्या रात्रीसुद्धा.