हडसनच्या काठावरून पट्टेरी बास: पाहुण्यांसाठी थोडी पार्श्वभूमी

न्यूजर्सी-न्यूयॉर्क भागात मुलांकडे राहायला येणाऱ्या मराठी आईबाबांची संख्या आता भरपूर आहे आणि त्यातले बरेच कोकणातले, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये हडसन नदीकाठी रॉड लावून उभी असलेली माणसं बघितली की प्रश्न ठरलेले असतात. आपल्याला इथे गळ टाकता येतो का, परवाना लागतो का आणि पकडलेला मासा घरी नेऊन खाता येतो का. तिन्हीची उत्तरं एकेका ओळीत देता येतील, पण ती उत्तरं तशी का आहेत याच्यामागे साठ-सत्तर वर्षांची भांडणं आहेत आणि मला वाटतं काठावर उभं राहायच्या आधी ती माहीत असायला हवीत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी मासा. स्ट्राइप्ड बास, तिथले लोक नुसतं स्ट्रायपर म्हणतात, रुपेरी अंग आणि त्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या सात-आठ काळ्या रेघा. हा राहतो समुद्रात पण अंडी घालायला वसंतात नदीत वर चढतो, म्हणजे आपल्या जिताड्याच्या बरोबर उलट, जिताडा नदी-खाडीत वाढतो आणि अंडी घालायला खाली खाऱ्या पाण्याकडे जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्रायपरची मोठी माहेरघरं मोजकीच, सगळ्यात मोठं चेसापीक उपसागर आणि त्याला मिळणाऱ्या नद्या, मग हडसन आणि डेलावेअर. हडसन म्हणायला नदी, पण समुद्रापासून जवळपास 245 किलोमीटर आत, ट्रॉय गावच्या धरणापर्यंत भरती-ओहोटी चालते, म्हणजे आपल्या हिशोबाने ही एक लांबच लांब खाडीच. मधल्या भागात पाणी गोडं असतं, मे-जूनमध्ये ते पंधरा-वीस अंश सेल्सियसच्या घरात आलं की मादी लाखोंनी अंडी सोडते आणि ती अंडी तळाला न बसता प्रवाहात तरंगत दोन-तीन दिवसांत फुटतात. हे तरंगणं लक्षात ठेवा, पुढे एका मोठ्या खटल्यात हाच मुद्दा झाला.

या माशाला माणसांनी किंमत फार आधीपासून दिली. 1639 मध्येच मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने स्ट्रायपर आणि कॉड शेतात खत म्हणून पुरायला बंदी केली होती, तेव्हा मासे इतके होते की लोक खरंच पुरायचे. 1670 मध्ये प्लिमथ वसाहतीने मासेमारीच्या उत्पन्नातून मोफत शाळा चालवायचं ठरवलं, त्या माशांतही हा होता. आणि 1879 मध्ये न्यूजर्सीच्या नेव्हेसिंक नदीतली शे-सव्वाशे पिल्लं टाक्यांत भरून रेल्वेने पार कॅलिफोर्नियाला नेऊन सोडली, 1882 मध्ये आणखी तीनेकशे, आणि एवढ्याशा बियाण्यावर वीस वर्षांत तिकडे वर्षाला दहा लाख पौंडांच्या वर मासा बाजारात येऊ लागला. आज सॅक्रामेंटो नदीच्या काठावर कोणी स्ट्रायपर पकडत असेल तर तो मूळचा न्यूजर्सीचाच.

आता हडसनचा काठ. तुम्ही मॅनहॅटनहून ट्रेनने वर गेलात तर खिडकीतून नदी इतकी जवळ दिसते की हात घालावासा वाटतो. सुंदर दिसतं, पण हीच काठावर मासे पकडणाऱ्याची जुनी अडचण आहे. 1851 मध्ये न्यूयॉर्क ते ऑल्बनीजवळपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली आणि ती सरळ पूर्व काठाला चिकटून टाकली, कितीतरी ठिकाणी छोट्या खाड्यांच्या तोंडावर भराव घालून. 1880 च्या दशकात पश्चिम काठावरही दुसरी लाइन आली. गावं एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला, मध्ये रूळ. भरतीरेषेखालची जमीन साधारणपणे सार्वजनिक मानली जाते पण तिथपर्यंत पोचायचं कुठून हा प्रश्न राहतोच, त्यामुळे आज पाहुण्याला जिथे उभं राहता येतं त्या जागा म्हणजे मुख्यतः गावांचे धक्के आणि पार्क. क्रोटन पॉइंट, बीकनचा लाँग डॉक, किंग्स्टन पॉइंट, कोल्ड स्प्रिंगचा धक्का. यातल्या काही तर आधी भलत्याच अवस्थेत होत्या, क्रोटन पॉइंटला कित्येक दशकं कौंटीचा कचरा टाकत होते.

कोल्ड स्प्रिंगच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर पलीकडच्या काठावर एक मोठा गोलसर डोंगर दिसतो, त्याचं नाव स्टॉर्म किंग. सगळ्या गोष्टीचा मध्य हा डोंगर आहे.

1962 मध्ये कॉन एडिसन या वीज कंपनीने जाहीर केलं की स्टॉर्म किंगच्या पायथ्याशी प्रचंड पंपिंग स्टेशन उभारायचं, रात्री स्वस्त वीज असताना नदीचं पाणी वर जलाशयात चढवायचं आणि दिवसा मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. डोंगर फोडला जाणार म्हणून 1963 मध्ये सीनिक हडसन ही संघटना उभी राहिली. सुरुवातीला भांडण निसर्गसौंदर्याचं होतं, मासा नंतर आला, आणि तो आणला रॉबर्ट बॉयल नावाच्या पत्रकाराने. हा स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मध्ये लिहायचा आणि स्वतः मासे पकडणारा. नदीत थोडं खाली इंडियन पॉइंटचं अणुवीज केंद्र 1962 मध्ये चालू झालं होतं, त्याच्या गरम पाण्याकडे हिवाळ्यात स्ट्रायपर ओढले जायचे आणि अडकून मरायचे, मेलेल्या माशांचे ढीग नेऊन टाकले जात होते. बॉयलने 1965 मध्ये हे छापून आणलं आणि मग लोकांना कळलं की वीज केंद्र नदीतून पाणी ओढतं तेव्हा काय काय ओढतं. स्टॉर्म किंगची जागा तर नेमकी अंडी घालण्याच्या पट्ट्यातच होती.

डिसेंबर 1965 मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की परवाना देणाऱ्या आयोगाने सौंदर्याचा आणि माशांचा नीट विचार केलाच नाही, परत सगळं तपासा. आणि त्याहून महत्त्वाचं, ज्यांचं पैशाचं नुकसान नाही अशा साध्या नागरिकांच्या संघटनेलाही नदीच्या बाजूने कोर्टात उभं राहायचा हक्क आहे हे मान्य केलं. अमेरिकेत पुढे पर्यावरणाचे जेवढे खटले झाले त्यांची मुळं इथे आहेत असं मानतात.

पण प्रकल्प लगेच मेला नाही. मग माशांवर अभ्यास झाला आणि अहवाल आला की पंपांमुळे होणारं नुकसान अगदी किरकोळ आहे. या अहवालातली चूक मला अजूनही थक्क करते, हिशोब करणाऱ्यांनी धरलं होतं की नदी एकाच दिशेने वाहते, म्हणजे अंडं पंपाच्या तोंडासमोरून एकदाच जाणार. अहो पण ही भरती-ओहोटीची नदी, ओहोटीला खाली गेलेलं अंडं भरतीला परत वर येतं, परत खाली, परत वर, प्रत्येक वेळी पंपासमोरून. कोकणातल्या कुठल्याही खाडीवरच्या माणसाने हे एका वाक्यात सांगितलं असतं. चूक उघडी पडल्यावर 1974 मध्ये माशांचा प्रश्न परत ऐकायचा आदेश झाला, आणि शेवटी डिसेंबर 1980 मध्ये समझोता होऊन कंपनीने प्रकल्प सोडला, जमीन पार्कसाठी दिली आणि नदीच्या संशोधनासाठी 1 कोटी 20 लाख डॉलरचा निधी ठेवला गेला. इंडियन पॉइंट मात्र चालूच राहिलं, ते बंद झालं थेट एप्रिल 2021 मध्ये.

याच काळात, 1966 मध्ये, क्रोटनव्हिल नावाच्या छोट्या वस्तीत मासेमार जमले. यात श्रीमंत कोणी नव्हतं, जाळी टाकणारे, कामगार, माजी सैनिक, त्यांचा पहिला अध्यक्ष रिची गॅरेट हा तर कबरी खणायचं काम करायचा. रेल्वेच्या यार्डातून नदीत तेल सोडलं जात होतं, माशाला तेलाचा वास यायचा आणि बाजारात कोणी घ्यायचं नाही. लोक इतके चिडले होते की पाइप बुजवायची, पेटवून द्यायची भाषा चालू होती. बॉयलने सांगितलं की 1899 चा एक विसरलेला कायदा आहे, नदीत घाण टाकणाऱ्याला दंड होतो आणि माहिती देणाऱ्याला दंडातला अर्धा वाटा मिळतो. त्यांनी तो कायदा वापरायला सुरुवात केली आणि वाटा मिळवलाही. या हडसन रिव्हर फिशरमेन्स असोसिएशनमधूनच पुढे रिव्हरकीपर ही संघटना आली, 1983 पासून नदीवर बोट घेऊन पहारा देणारा पूर्णवेळ माणूस, आणि आता तशा संघटना जगभर आहेत.

मासा खायचा का या प्रश्नाचं उत्तर वरच्या बाजूला, हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्डला आहे. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून 1947 ते 1977 या काळात पीसीबी नावाची रसायनं नदीत गेली, अंदाजे 13 लाख पौंडांपर्यंत. ही रसायनं गाळात बसतात, सहज विरघळत नाहीत, कुजत नाहीत, छोट्या जिवातून मोठ्यात जात माशाच्या चरबीत साठतात. 1976 मध्ये न्यूयॉर्क राज्याने हडसनमधल्या स्ट्रायपरची व्यापारी मासेमारी बंद केली आणि ती आजपर्यंत बंदच आहे. पिढ्यानपिढ्या जाळी टाकणारी घरं एका आदेशाने थांबली, त्यांचा काडीचाही दोष नव्हता, आणि याबद्दल मला फार वाईट वाटतं कारण लढे नावाजले गेले पण ही माणसं विस्मरणात गेली. 1984 मध्ये नदीचा सुमारे 200 मैलांचा पट्टा सुपरफंड यादीत, म्हणजे अतिप्रदूषित जागा साफ करायच्या केंद्र सरकारच्या यादीत आला, गाळ उपसायला 2009 उजाडलं आणि ते काम 2015 पर्यंत चाललं. राज्याच्या आरोग्य खात्याचा वर्षानुवर्षांचा सल्ला असा की 50 च्या आतल्या बायकांनी आणि 15 च्या आतल्या मुलांनी हडसनमधला मासा खाऊ नये, बाकीच्यांनी भागाप्रमाणे अगदी कमी. ट्रॉय धरणाच्या वर हडसन फॉल्सपर्यंत तर पकडलेला सोडूनच द्यायचा असा नियम आहे. तेव्हा आजी म्हणतेय म्हणून नातवाला या नदीच्या स्ट्रायपरची तुकडी तळून घालू नका, गाबोळी तर नाहीच.

त्या बंदीचा दुसरा परिणाम असा झाला की हडसनमधल्या अंडी घालणाऱ्या माशांमागची जाळी हटली. इकडे चेसापीकमध्ये उपसा चालूच होता, पूर्व किनाऱ्यावरची व्यापारी पकड 1973 मधल्या जवळपास दीड कोटी पौंडांवरून 1983 मध्ये 35 लाखांवर आली. 1984 मध्ये अमेरिकन काँग्रेसने खास या एका माशासाठी कायदा केला, चेसापीकच्या काठावरच्या मेरिलँड राज्याने 1985 ते 1990 पूर्ण बंदी ठेवली, आणि 1995 मध्ये चेसापीकचा साठा पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं. मधल्या पडत्या काळात हडसनचा मासा बऱ्यापैकी टिकून होता.

मॅनहॅटनची गोष्ट राहिली. 1970 च्या दशकात पश्चिम काठावर वेस्टवे नावाचा हायवे करायचं ठरलं, नदीत सुमारे 200 एकर भराव टाकायचा, खालून बोगद्यात रस्ता आणि वर पार्क आणि इमारती. राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, महापौर, कामगार संघटना सगळे बाजूने. सरकारी अहवालात लिहिलं होतं की जुन्या मोडक्या धक्क्यांच्या मधल्या पाण्यात जिवंत असं काही नाहीच. नंतर हिवाळ्यात जाळी टाकून पाहिलं तर स्ट्रायपरची पिल्लं तिथेच थंडी काढताना सापडली, त्या सडक्या लाकडी खांबांच्या आडोशाला. मार्सी बेनस्टॉक ही कार्यकर्ती वर्षानुवर्षं झगडली, वकिलांमध्ये स्टॉर्म किंगच्या लढ्यातला अल बुटझेल होता, आणि न्यायाधीश थॉमस ग्रिसा यांनी 1982 मध्ये आणि परत 1985 मध्ये परवाना अडवला. त्याच वर्षी वेस्टवे सोडून दिला, बराचसा पैसा मेट्रो-बसकडे वळवला. आज त्या काठावर हडसन रिव्हर पार्क आहे, 1998 च्या कायद्याने झालेलं, उन्हाळ्यात तिथे मोफत रॉड हातात देऊन मुलांना मासे पकडायला आणि परत सोडायला शिकवतात.

सध्याची स्थिती पण सांगायला हवी कारण मासा परत अडचणीत आहे. 2019 च्या पाहणीत साठा जास्त उपसलेला निघाला. काठावरून हौसेने पकडणारे आपणही त्यात आलो, सोडून दिलेल्या माशांपैकी 9 टक्के मरतात असं हिशोबात धरतात आणि देशभरातली हौस बघता तो आकडा फार मोठा होतो. मेरिलँडमध्ये 2019 पासून पिल्लांची संख्या सरासरीच्या खूप खाली आहे. म्हणून नियम घट्ट झाले. आमिष लावून पकडत असाल तर सर्कल हुक लागतो, तो ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. मॅनहॅटन आणि न्यूजर्सी जोडणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या वर हडसनमध्ये 1 एप्रिल ते 30 नोव्हेंबर हा हंगाम, दिवसाला एक मासा, आणि 2024 पासून त्याची लांबी 23 ते 28 इंचांच्या मध्ये हवी, 28 च्या वरची मादी गाबोळीने भरलेली असते ती सोडायचीच. पुलाच्या खाली नियम वेगळे.

परवान्याचं सोपं आहे, समुद्रातून येणाऱ्या माशांसाठी न्यूयॉर्क राज्याची मोफत नोंदणी आहे, 16 आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला लागते, बाहेरून आलेल्या पाहुण्यालासुद्धा, ऑनलाइन होते. पण त्याच नदीत गोड्या पाण्यातले मासे पकडायचे असतील तर पैसे भरून वेगळं लायसन्स. मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन ग्रँड सेंट्रलहून निघते आणि कोल्ड स्प्रिंग, बीकन, पोकिप्सी ही स्टेशनं पाण्यापासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. रूळ फक्त पुलावरून किंवा रीतसर क्रॉसिंगवरूनच ओलांडायचे, गाड्या जोरात येतात आणि वळणावर दिसत नाहीत. तिथले जुने लोक लायलॅक फुलली की मोठे मासे आले म्हणतात आणि आमिषाला हेरिंग या छोट्या माशाचा तुकडा लावतात, हेरिंग पकडायलाही दिवसाची मर्यादा आहे. निघायच्या आधी भरतीचं वेळापत्रक त्या गावचं बघा, मॅनहॅटनचं नाही, कारण वर पोकिप्सीपर्यंत भरती पोचायला काही तास जातात.